रिकामा रकाना

धुळीचं काम चालणाऱ्या कारखान्यांत पाळी सुटताना कामगाराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. गुळानं धूळ पोटात उतरते, छातीत राहत नाही, असा समज. गॅसचं काम असेल तर गुळाऐवजी दूध, काही ठिकाणी केळी. मालकाला परवडतं, कामगाराला बरं वाटतं. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तर यावर प्रयोगही केला. गूळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतले कण लवकर बाहेर सरकतात, असं निरीक्षण त्यांनी १९९४ मध्ये छापलं. पण त्या उंदरांनी पंचवीस वर्षं तिन्ही पाळ्यांत काम केलेलं नव्हतं. गूळ अन्ननलिकेनं जातो, धूळ श्वासनलिकेनं. दोघांच्या वाटा घशातच वेगळ्या होतात. सिलिकाचा अतिबारीक कण फुप्फुसाच्या टोकाच्या पिशवीत जाऊन बसला, की त्याच्यापर्यंत गूळ पोचत नाही.

गुळाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या गोष्टीला, की कितीतरी कामगारांच्या वाट्याला उभ्या नोकरीत आलेली आरोग्यसेवा तेवढीच असते. कागद मात्र वेगळंच सांगतो. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगाराला कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी हवी, काम चालू असताना दर वर्षाला हवी, आणि त्यानं ते काम सोडल्यावरही ती चालू राहायला हवी, असं कारखाने अधिनियमाचं कलम ४१ सी सांगत होतं. तपासणीच्या नोंदी ठेवायच्या, आणि त्या कामगाराला पाहायला मिळाल्या पाहिजेत. कुठली रसायनं हाताळतो, त्यांनी काय होतं, काय झालं तर काय करायचं, हे त्याला सांगायचं. नुसतं त्याला नाही, आजूबाजूच्या वस्तीलाही. संकट समोर दिसलं तर ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला, आणि लगेच हालचाल करण्याची जबाबदारी मालकावर. हे सगळं १९८७ पासून लिहिलेलं आहे. काम सोडल्यानंतर तपासणीला बोलावला गेलेला कामगार कुणाच्या पाहण्यात असेल तर त्यानं जरूर कळवावं.

१९८७ हे साल भोपाळमुळे आलं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची रात्र आपण शहरावर कोसळलेली आपत्ती म्हणून लक्षात ठेवली, आणि ते खरंच आहे. पण ती गोष्ट तीन वर्षं आधी कारखान्याच्या आत सुरू झाली होती. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या त्याच कारखान्यात देखभालीचं काम करताना एक कामगार फॉस्जीन या विषारी वायूनं मेला. जानेवारी १९८२ मध्ये फॉस्जीन पुन्हा गळला आणि २४ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच पथकानं त्रुटींची यादी करून दिली. राजकुमार केसवानी नावाचा भोपाळचा तरुण पत्रकार ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकातून त्याच वर्षी ओरडून सांगत होता, की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे. पुढे खर्चकपात आली. मिथाइल आयसोसायनेट विभागातली माणसं निम्म्यावर आणली गेली. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा १९८४ च्या मध्याला बंद केली गेली. गळलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी सुटा पडला होता. सुमारे ४० टन विष त्या रात्री बाहेर पडलं.

विषाची पहिली मोजदाद कामगाराच्या शरीरावर होत असते. वस्तीपर्यंत ते पोचण्याआधी त्याच्या डोळ्यांत, कातडीवर, छातीत पोचलेलं असतं. त्याच्या शरीराची नोंद नीट ठेवली तर शहरालाही आगाऊ सूचना मिळते. भोपाळनंतरचा कायदा लिहिणाऱ्यांना हे बऱ्यापैकी उमगलं होतं, म्हणून त्यांनी धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत नेली. भोपाळच्या आरोपींना याचा काही उपयोग नव्हता, कारण कायदा मागे जाऊन लागू होत नाही. ७ जून २०१० रोजी न्यायालयानं त्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी जामीनही.

आपल्याकडे कारखान्यातल्या धोक्याचे दोन हिशेब चालतात. एक अपघाताचा आणि दुसरा आजाराचा.

पहिला हिशेब सगळ्यांना ऐकू येतो. डोंबिवलीला २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. १२ माणसं गेली, दोनशेच्या आसपास जखमी झाली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, जवळपास त्याच तारखेला, २३ मे २०२४ च्या दुपारी डोंबिवलीतच अमुदान केमिकल्सचा रिअॅक्टर फुटला. सुरुवातीच्या बातम्यांत ‘बॉयलर’ होता, मागाहून रिअॅक्टर निघाला. मधल्या काळात तारापूर झालं, लोटे झालं. ७ जून २०२१ ला मुळशी तालुक्यातल्या उरवड्याला पाणी शुद्ध करण्याचं रसायन बनवणाऱ्या कंपनीत आग लागली. १७ जण जळाले, त्यातल्या १५ बायका, पॅकिंगवरच्या. दर वेळी मंत्री येतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते, धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा होते. घोषणेपाठोपाठ कारखानदार विचारतात की घर आधी आलं की कारखाना आधी आला, आणि प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. औद्योगिक पट्टा आणि वस्ती यांच्यात मोकळी जागा सोडायची होती. तिथे इमारती कुणी उभ्या राहू दिल्या, हे विचारायला कुणी जात नाही. असो. हा हिशेब कितीही अर्धवट असला तरी निदान मांडला जातो. माणूस कारखान्यात मेला तर प्रेत असतं, पंचनामा असतो, तारीख असते.

दुसऱ्या हिशेबात तारीखच नसते. टोल्युइनच्या वाफेत वीस वर्षं काम केलेल्या माणसाचे हात कधी थरथरायला लागले? दगड फोडणाऱ्याला चढावर धाप कुठल्या दिवशी लागली? कारखाने अधिनियमानं या प्रश्नावर तोडगा काढला होता. कलम ८९ नुसार ठरावीक आजार झालेला कामगार डॉक्टरच्या पाहण्यात आला तर त्या डॉक्टरनं, मग तो कारखान्याचा असो की गल्लीतला, मुख्य कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला लेखी कळवायचं. अशा आजारांची यादी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होती, एकूण २९. शिसं, पारा, मँगनीज, आर्सेनिक, बेन्झीन यांची विषबाधा, क्रोमनं पडणारे व्रण, सिलिकाच्या धुळीचा सिलिकोसिस, अॅस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, रसायनामुळे झालेली कावीळ, आवाजानं आलेला बहिरेपणा, कातडीचे विकार, कामातून झालेला कर्करोग. यादीच्या शेवटाकडे फॉस्जीन आणि आयसोसायनेट, म्हणजे भोपाळची दोन्ही विषं. डॉक्टरनं कळवलं नाही तर त्याला दंड होता, कमाल एक हजार रुपये.

हे कळवणं जवळजवळ होत नाही. कारखाने सल्लागार सेवा व श्रमसंस्था महासंचालनालय नावाचं केंद्राचं खातं आहे, मुख्यालय मुंबईतच, शीवला. राज्यांकडून आलेले आकडे ते गोळा करतं. त्यांच्या तक्त्यांत अपघातांचे रकाने भरलेले असतात आणि आजारांच्या रकान्यांत बोटांवर मोजण्याएवढे आकडे किंवा सरळ शून्य. एवढा मोठा औद्योगिक देश, आणि कामानं आजारी पडलेला माणूसच त्यात नाही. ज्याला हा तक्ता खरा वाटेल त्यानं एकदा आलंगपासून अंकलेश्वरपर्यंत आणि तारापूरपासून महाडपर्यंतच्या दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर बसून यावं.

डॉक्टर लबाड असतात म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. एमआयडीसीच्या फाटकाबाहेरच्या दवाखान्यातला केसपेपर काढून पाहा. नाव, वय, वजन, तक्रार, औषध. ‘काम काय करतो’ ही ओळ बहुतेक केसपेपरांवर छापलेलीच नसते. असली तर तिथे ‘नोकरी’ किंवा ‘सर्व्हिस’ असं लिहिलेलं असतं. डोकं दुखतं म्हटल्यावर गोळी, खाज सुटते म्हटल्यावर मलम, खोकला म्हटल्यावर अॅन्टिबायोटिक. वैद्यकीय अभ्यासक्रमात हा विषय सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पोटात काही पानांपुरता येतो. औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा एक अभ्यासक्रम आहे, शीवच्याच केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. पण तो केलेले डॉक्टर मोठ्या कंपन्यांत जातात. पन्नास माणसांच्या कारखान्यानं जवळच्या डॉक्टरला कराराने बांधून ठेवलं तरी नियम पाळला जातो. त्या डॉक्टरचं मानधन कारखान्यातून येतं. कारखान्यानं आजारी पाडलं, असं त्यानं लिहून द्यायचं, आणि पुढच्या महिन्यात त्याच फाटकातून मानधन घ्यायला जायचं. कोण लिहील?

छातीच्या फोटोत डाग दिसला की आपल्याकडे पहिलं उत्तर क्षय. क्षय इतका पसरलेला आहे की डॉक्टरला दोष देता येत नाही, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय व्हायचीही शक्यता जास्त असते. पण सिलिकोसिसला क्षयाचं औषध लागू पडत नाही. सहा महिने गोळ्या, फरक नाही, पुन्हा सहा महिने. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतल्या आदिवासींचं हेच झालं. पाऊस संपला की ही माणसं पोटासाठी गुजरातेत गोध्रा, बालासिनोरकडे क्वार्ट्झ दगड दळायच्या कारखान्यांत जात. काचेच्या धंद्याला लागणारी ती पांढरी पूड. जवळजवळ शुद्ध सिलिका. काही महिन्यांचं काम करून परतलेली तिशीतली माणसं दोन-चार वर्षांत हाडं उरून मेली. गावात लोक म्हणायचे, टीबी. एका घरातले दोघे-तिघे गेले तरी टीबीच.

हा आजार सिलिकोसिस आहे हे सिद्ध करायला सामाजिक कार्यकर्त्यांना वर्षं लागली. गावोगाव याद्या केल्या, फोटो काढून घेतले, कोण कुठल्या कारखान्यात होतं ते विचारून लिहिलं. प्रकरण २००६ च्या एका याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं चौकशी करून २३८ मृत्यूंसाठी प्रत्येकी तीन लाख रुपये गुजरात सरकारनं द्यावेत आणि जगलेल्यांचं पुनर्वसन मध्य प्रदेशानं करावं असं सुचवलं, आणि मे २०१६ मध्ये न्यायालयानं गुजरातला ते पैसे द्यायला लावले. तेव्हा ती २३८ माणसं सरकारी कागदावर पहिल्यांदा कामगार झाली. कारखान्यांच्या हजेरीपटावर त्यांची नावं नव्हतीच. मालकाचं म्हणणं सोपं होतं: हा माणूस आमच्याकडे होताच कशावरून?

मुंबईला हे परकं नाही. गिरणगावात सोमवारी छाती आवळून येते, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. रविवारची सुट्टी घेऊन माणूस परत कार्डिंग खात्यात, म्हणजे पिंजणीच्या धुळीत उभा राहिला की दम लागायचा, आणि आठवडा सरता सरता थोडं हलकं वाटायचं. हे बिसिनोसिसचं पुस्तकी लक्षण आहे. लोक त्याला दमा म्हणत आणि गावची हवा खाऊन येत. घाटकोपरच्या एका अॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी मुंबईतल्या एका स्वयंसेवी केंद्राच्या डॉक्टरांनी केली, तेव्हा त्यातल्या ४१ जणांना अॅस्बेस्टॉसिस निघाला. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या तपासण्या तोवर होत नव्हत्या असं नाही. आजार मात्र बाहेरच्या माणसानं मोजल्यावर सापडला. त्याच्याही दहा वर्षं आधी, २७ जानेवारी १९९५ रोजी, अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता, की कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, आणि अॅस्बेस्टॉस कारखान्यांनी आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर जपाव्यात. चाळीस वर्षं का, तर अॅस्बेस्टॉसचा कर्करोग यायला तेवढाही वेळ घेतो. आता प्रश्न असा की ज्या कारखान्याच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले, त्याच्या कपाटातल्या फायली चाळीस वर्षं कोण सांभाळतं.

एका डॉक्टरनं डोळे उघडे ठेवले तर काय होतं, याचा दाखला अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात आहे. बी. एफ. गुडरिच कंपनीच्या तिथल्या कारखान्यात व्हिनाइल क्लोराइड वायूपासून पीव्हीसी बनत असे. कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांच्या लक्षात आलं की काही वर्षांच्या आत आपल्या तीन कामगारांना यकृताचा अँजिओसार्कोमा झाला. हा कर्करोग इतका दुर्मीळ, की एखाद्या डॉक्टरला जन्मभरात तो एकदाही दिसत नाही. एकाच कारखान्यात तीन, म्हणजे योगायोग नाही. जानेवारी १९७४ मध्ये हे जाहीर झालं. उंदरांवरच्या प्रयोगांत हाच कर्करोग इटलीतल्या चेझारे माल्टोनी यांना आधीच दिसला होता आणि कंपन्यांना ते माहीत होतं, हेही पुढे बाहेर आलं. तोवर कारखान्याच्या हवेत या वायूची परवानगी होती दहा लाख भागांत ५०० भाग. एप्रिलमध्ये ती ५० वर आणली गेली, आणि १९७५ पासून एकवर. पाचशेवरून एक! धंदा बुडेल, असं कारखानदार एका सुरात म्हणाले. आपल्या घराघरातले पीव्हीसी पाइप पाहिले की तो किती बुडाला ते कळतं. तीन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या लेथ्रप गावी तर डॉक्टरचीही गरज पडली नाही. शेतीचं एक सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांनाच आपसांत बोलताना उमगलं, की आपल्यातल्या कुणालाच मूल होत नाहीये. तपासल्यावर त्यांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते किंवा अगदी थोडे होते.

या मर्यादांच्या आकड्यांतच आपल्याकडचा सगळ्यात ताजा घोळ दडलेला आहे. कारखान्याच्या हवेत कुठलं रसायन किती चालेल याचा तक्ता कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात होता. टोल्युइन दहा लाखांत १००, अमोनिया २५, हायड्रोजन सल्फाइड १०, मिथाइल आयसोसायनेट अवघा ०.०२. हे आकडे आठ तासांच्या सरासरीचे आहेत. हिशेबामागची कल्पना अशी, की माणूस आठ तास ती हवा घेईल आणि उरलेल्या सोळा तासांत शरीर त्यातलं बरंच बाहेर टाकेल. आता महाराष्ट्र मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातल्या कामाची दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायचं ठरवलं, आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर. त्यावर झालेला वाद पगाराचा, थकव्याचा, घरच्यांना वेळ मिळण्याचा होता. विषाचा हिशेब कुणी मांडल्याचं फारसं दिसलं नाही.

तो मांडणं अवघड नाही. ब्रीफ आणि स्काला या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी १९७५ मध्ये दिलेलं सूत्र जगभर वापरलं जातं. बारा तास काम म्हणजे विष घेण्याचा वेळ दीडपट, आणि ते बाहेर टाकायला सोळाऐवजी बाराच तास. आठ भागिले बारा, गुणिले बारा भागिले सोळा, उत्तर निम्मं. म्हणजे आठ तासांना टोल्युइन १०० चालत असेल तर बारा तासांच्या पाळीला ५० पेक्षा जास्त चालू नये. सूत्र ढोबळ आहे, प्रत्येक रसायनाला सारखं लागत नाही, हे मान्य. पण दिशा स्पष्ट आहे. पाळी लांबवताना मर्यादा खाली आणायला हवी होती. शाईच्या, रंगाच्या, औषधाच्या कारखान्यात बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला जुनाच आकडा लावणं म्हणजे नियम पाळून विष देणं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियम गेला आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता आली. २०२० साली मंजूर होऊन पाच वर्षं ती पडून होती. तिच्यात चांगलं काही नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगारांवर सुरक्षा अधिकारी हवा, असं ती सांगते. पूर्वी साधारणपणे हजार कामगार लागत. ठरावीक कामगारांची वार्षिक तपासणी मोफत करायची आहे. जिवाला धोका असलेलं काम असेल तर एकाच कामगाराच्या ठिकाणालाही सरकार संहिता लावू शकतं. २९ आजारांची यादी तशीच उतरली आहे. पण कारखाना म्हणायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी आता १० ऐवजी २० माणसं लागतात, विजेशिवाय २० ऐवजी ४०. रासायनिक पट्ट्यातले किती गाळे पंधरा-अठरा माणसांवर चालतात हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. निरीक्षकाचं नाव ‘निरीक्षक-सह-सुविधाकार’ झालं आहे, आणि त्यानं कुठे जायचं हे संगणकाच्या सोडतीवर ठरू शकतं. आणि विषाच्या मर्यादांचा तो तक्ता संसदेच्या कायद्यातून निघून राज्यांच्या नियमांकडे गेला. म्हणजे टोल्युइन फुप्फुसाला किती झेपतं, हे वापीत आणि तलासरीत वेगवेगळं ठरू शकेल. मधे फक्त राज्याची हद्द.

हे झालं कायद्याचं. कायद्याच्या खाली आणखी एक थर आहे, त्याचं नाव कॉन्ट्रॅक्टर. रिअॅक्टरच्या पॅनलवर बसणारा माणूस कंपनीचा असतो. पोती फोडून मॅनहोलमधून पावडर टाकणारा, सेंट्रिफ्यूजमधून ओला माल खरवडणारा, ड्रम धुणारा, सांडपाण्याच्या टाकीत उतरणारा माणूस बहुतेक कॉन्ट्रॅक्टरचा असतो. सगळ्यात जास्त विष त्याच्या वाट्याला, आणि आरोग्याच्या नोंदवहीत तोच नाही. वर्ष-दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्टर बदलतो. काम तेच, गेटपास नवा. ड्रमवरचं लेबल इंग्रजीत, रसायनाचं सुरक्षापत्रक सोळा भागांचं, तेही इंग्रजीत, आणि ते सेफ्टीवाल्याच्या फाइलीत. उतरणारा माणूस ओडिशाचा, बिहारचा, नाहीतर मेळघाटातला.

त्याला निदान एक गोष्ट त्याच्या भाषेत सांगायला हवी होती. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, अगदी थोड्या प्रमाणातही. प्रमाण वाढून दहा लाखांत शंभरच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. टाकीत उतरलेल्याला वाटतं, वास गेला म्हणजे गॅस गेला. तो दोन पायऱ्या आणखी उतरतो आणि कोसळतो. वरचा सोबती त्याला ओढायला उडी मारतो. मग तिसरा. अशा बातम्यांत मेलेल्यांचा आकडा दोन, तीन, चार असा का असतो, त्याचं कारण हे. आत जाण्याआधी हवा मोजणारं यंत्र हातात मावतं. वर दोरी धरून एक माणूस उभा ठेवायला एका माणसाची हजेरी लागते. मास्क सगळ्यात शेवटी येतो. आधी रसायन बदलता येतं का पाहायचं, मग ते बंद नळीतून फिरवायचं, मग हवा ओढून घेणारा पंखा, मग कामाची पद्धत, आणि सगळं करून उरलेल्या धोक्यासाठी मास्क. आपल्याकडे सुरुवात मास्कपासून होते आणि शेवटही तिथेच, आणि अपघातानंतर अहवालात येतं, ‘कामगारानं सुरक्षा साधनं वापरली नव्हती’. कोकणातल्या मे महिन्यात, वाफेच्या शेजारी, रबरी मास्क लावून आठ तास उभं राहून दाखवावं, मग हे वाक्य लिहावं.

निरीक्षक वाढवा, संस्था मजबूत करा, ही मागणी दर लेखाच्या शेवटी असते. ती रास्तच आहे. पण मला त्याआधीची, जवळजवळ फुकटातली गोष्ट हवी आहे. इटलीतल्या मोडेनाचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिलं सविस्तर पुस्तक लिहिलं. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली होती: तू काम काय करतोस? महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांनी, ईएसआयच्या दवाखान्यांनी आणि औद्योगिक पट्ट्यातल्या खासगी डॉक्टरांनी केसपेपरवर ती एक ओळ छापावी, आणि ‘नोकरी’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कुठल्या खात्यात, कुठलं रसायन, किती वर्षं. कळवण्याची पद्धत अशी हवी की कारखान्याकडून मानधन घेणाऱ्या डॉक्टरवर ती अवलंबून राहू नये. छातीचे, कातडीचे, रक्ताचे तज्ज्ञ जिथे बसतात त्या मोठ्या रुग्णालयांकडूनच नोंद जावी.

आणि तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कुणी रसायनाच्या, दगडाच्या, रंगाच्या, बॅटरीच्या कारखान्यात असेल तर त्याला हे सांगा. यादीतला आजार ठरावीक कामात झाला तर ईएसआय योजनेत तो कामातूनच झाला असं धरलं जातं. पण त्या कामावर आपण होतो, हे दाखवावं लागतं. म्हणून गेटपास, पगाराची चिठ्ठी, ईएसआय क्रमांक, छातीचे जुने फोटो, रक्ताचे रिपोर्ट टाकून देऊ नका. कॉन्ट्रॅक्टर बदलला तर त्याचं नाव आणि तारीख वहीत लिहा. ड्रमवरच्या लेबलाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. नोकरी सोडताना आरोग्य तपासणीच्या नोंदींची प्रत लेखी अर्ज देऊन मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या.